‘टॅलेंट’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादाच्या कामात नव्याने उतरलेल्या एका मैत्रिणीने मला पुढील प्रश्न विचारला आहे. ‘टॅलेंट’ या इंग्रजी शब्दापुढे शब्दकोशात ‘प्रतिभा’, ‘गुणवत्ता’, ‘बुद्धिमत्ता’, ‘नैसर्गिक क्षमता’ असे पर्याय एका ओळीत दिलेले असतात आणि ‘गिफ्ट’, ‘ॲप्टिट्यूड’, ‘फ्लेअर’, ‘नॅक’ यांच्यापुढेही थोड्याफार फरकाने तेच शब्द सापडतात. मग निवड करायची कशी? तिच्यासमोर एका व्हायोलिनवादक स्त्रीविषयीचे वाक्य आहे : ‘हर टॅलेंट वॉज प्लेन टू एव्हरीवन, बट शी ट्रस्टेड ओन्ली हर स्किल.’ त्याचा तिने केलेला अनुवाद असा : ‘तिची प्रतिभा सर्वांना स्पष्ट होती, पण तिचा विश्वास फक्त तिच्या कौशल्यावर होता.’ अनुवाद चुकलेला नाही, तरीही तो मनात उतरत नाही, असे ती लिहिते, आणि तिला जाणवलेली ही उणीव अगदी खरी आहे.

पंचवीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजीतून मराठीत अनुवाद करताना आणि इतरांचे अनुवाद तपासताना माझे एक मत पक्के झाले आहे. या शब्दांची वाटणी इंग्रजी एका तऱ्हेने करते आणि मराठी दुसऱ्या तऱ्हेने. गुण कोठून आला, तो किती पिकला आहे आणि केवढा मोठा आहे, हे पाहून इंग्रजी शब्द निवडते. मराठी माणूस मात्र तो गुण शरीराच्या कोणत्या भागात वसतो आणि कोणत्या कामात उतरतो, हे पाहून बोलतो. त्यामुळे शब्दासमोर शब्द ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या पोटात काय आहे, हे आधी नीट पाहावे लागते.

सुरुवात ‘टॅलेंट’पासूनच करू, कारण त्याचा प्रवास सर्वांत विलक्षण आहे. मूळ ग्रीक शब्द ‘तालांतोन’. त्याचा अर्थ तराजू, मग तराजूत तोलले जाणारे वजन, आणि पुढे त्या वजनाची चांदी किंवा सोने. अथेन्समधील प्रमाणानुसार एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो वजन. तेवढ्या चांदीचे ६० मिना, किंवा द्राख्मा नावाची ६,००० ग्रीक चांदीची नाणी होत. ‘तालांतोन’ ज्या मूळ धातूपासून आला, त्याचा अर्थ उचलणे, पेलणे, आणि त्याच धातूचे संस्कृतातील रूप म्हणजे ‘तुल्’. आपल्या तुला, तोलणे, तुलना, समतोल या शब्दांचे आणि सोनाराच्या तोळ्याचेही मूळ तेच. म्हणजे ज्या शब्दासाठी आपण मराठी प्रतिशब्द शोधत बसलो आहोत, तो आपल्या ‘तोळ्या’चाच दूरचा भाऊबंद आहे. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी क्षणभर थबकतात आणि मग तो शब्द त्यांना परका वाटेनासा होतो, असा माझा अनुभव आहे.

वजनाचा शब्द गुणाचा कसा झाला? याचे उत्तर बायबलमधील एका दृष्टांतकथेत आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात एक धनी परदेशी जाताना आपल्या तीन सेवकांकडे संपत्ती सोपवतो : एकाला पाच टॅलेंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे त्या पैशावर व्यवहार करून तो दुप्पट करतात. तिसरा घाबरून आपला टॅलेंट जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर जसाच्या तसा उकरून देतो. धनी त्याच्यावर रागावतो. एक टॅलेंट म्हणजे किरकोळ रक्कम मुळीच नव्हती. त्याच शुभवर्तमानात मळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार, म्हणजे एक रोमन चांदीचे नाणे, सांगितली आहे आणि दिनार व द्राख्मा जवळपास एका किमतीचे होते. त्या हिशेबाने एक टॅलेंट ही मजुराची सुमारे वीस वर्षांची कमाई ठरते. पुढे प्रवचनकारांनी या चांदीचा अर्थ ‘ईश्वराने माणसाला वापरण्यासाठी सोपवलेले गुण’ असा लावला आणि पंधराव्या शतकापासून इंग्रजीत ‘टॅलेंट’ हा शब्द उपजत गुणासाठी रुळला.

या कथेतील एक तपशील मला अनुवादकाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. धन्याने संपत्ती वाटली ती ‘ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे’, असे मूळ कथेत स्पष्ट म्हटले आहे. कुवत आधीची आणि टॅलेंट तिच्याप्रमाणे नंतर मिळालेला. आज आपण ज्याला टॅलेंट म्हणतो ती या कथेतील कुवत होती. टॅलेंट ही तिच्यावर विश्वासून सोपवलेली ठेव होती. शब्दाचा अर्थ पुढे सरकला, तरी त्यातील ठेवीची ही छटा पुरती गेलेली नाही. कोणी आपले ‘टॅलेंट वाया घालवतो’, ‘टॅलेंट गाडून ठेवतो’ असे इंग्रजीत म्हणतात तेव्हा तीच जमीन आणि तीच चांदी बोलत असते. अशा वाक्यात मराठीत ‘प्रतिभा गाडली’ हे विचित्र वाटते. ‘अंगच्या गुणांची माती केली’ म्हटले की काम होते, आणि योगायोगाने मातीही येते.

दृष्टांताच्या अर्थाने हा शब्द रुळण्याआधी त्याला आणखी एक अर्थ येऊन गेला होता. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये आणि तिच्यामुळे इंग्रजीत ‘टॅलेंट’ म्हणजे मनाचा ओढा, इच्छा. तराजूचे पारडे एका बाजूला झुकते तसे मन झुकते, अशी ही कल्पना असावी. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्यातील नरकखंडाच्या पाचव्या सर्गात कामवासनेपुढे विवेकाला नमवणाऱ्या पापी जिवांचे वर्णन आहे आणि तेथे वासनेसाठी ‘तालेंतो’ हाच शब्द आहे. स्पॅनिशमधील ‘तालांते’ हा शब्द आजही माणसाची वृत्ती किंवा मनःस्थिती सांगतो. हा जुना अर्थ इंग्रजीतून पूर्ण पुसला गेला असला, तरी ओढा आणि गुण यांची सरमिसळ माणसाच्या बोलण्यात नेहमीच होते, आणि ती मराठीतही होते. त्याकडे ‘कल’ या शब्दापाशी पुन्हा येतो.

आता आजचा वापर पाहू. ‘टॅलेंट’ म्हणजे एखाद्या विशिष्ट क्षेत्रातील, सरासरीपेक्षा ठळकपणे वरचढ असलेली आणि शिकवण्याआधीच जिची चुणूक दिसते अशी क्षमता. यातील ‘विशिष्ट क्षेत्रातील’ हा भाग महत्त्वाचा आहे. माणूस एकूणच तल्लख असेल तर त्याला इंग्रजीत ‘इंटेलिजन्ट’ म्हणतात. ‘टॅलेंट’ कशाचे तरी असावे लागते. ते ‘कशाचे’ सांगताना इंग्रजीत ‘फॉर’ हे शब्दयोगी अव्यय येते : ‘अ टॅलेंट फॉर म्युझिक’, ‘अ टॅलेंट फॉर ड्रॉइंग’. मराठीतील षष्ठीच्या सवयीने आपण ‘टॅलेंट ऑफ सिंगिंग’ लिहितो, ते इंग्रजी कानाला खटकते. ‘गिफ्ट’, ‘ॲप्टिट्यूड’ आणि ‘फ्लेअर’ यांनाही बहुधा ‘फॉर’च लागते, ‘नॅक’ला मात्र ‘फॉर’ आणि ‘ऑफ’ दोन्ही चालतात. हा शब्द मोजताही येतो आणि न मोजताही वापरता येतो. ‘शी हॅज टॅलेंट’ म्हणजे तिच्यात गुण आहे. ‘शी हॅज मेनी टॅलेंट्स’ म्हणजे ती अनेक गुणांची धनी आहे. बोलण्यातली आणखी एक चूक सरसकट ऐकू येते : ‘तो खूप टॅलेंट आहे.’ टॅलेंट हे नाम आहे, म्हणून त्याच्यात टॅलेंट आहे किंवा तो टॅलेंटेड आहे, असेच म्हणावे लागते.

‘टॅलेंटेड’ हे रूप आज इतके सरावाचे झाले आहे की त्याला कोणी कधी आक्षेप घेतला असेल, असे वाटत नाही. पण इंग्रज कवी कोलरिज याने १८३२ साली या शब्दावर कडाडून टीका केली होती. नामाला थेट कर्मणी धातुसाधितासारखा प्रत्यय लावून विशेषण बनवायचे असेल, तर मग नाण्यांच्या नावांवरून ‘शिलिंग्ड’ आणि ‘फार्दिंग्ड’ अशीही विशेषणे का करू नयेत, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याने नाण्यांचीच उदाहरणे घेतली, यावरून टॅलेंट हे मुळात चलन होते, याची जाण तेव्हाच्या सुशिक्षितांच्या मनात किती ताजी होती, हे दिसते. भाषेने त्याचे ऐकले नाही. मात्र एक मर्यादा अजूनही पाळली जाते : ‘टॅलेंटेड’ माणसाला म्हणतात, त्याच्या कामाला नाही. चित्रकार टॅलेंटेड असतो. चित्र सुंदर, सरस किंवा कसदार असते.

आता ‘प्रतिभा’ या शब्दाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या अनुवादांत सर्वाधिक दुरुपयोग याच शब्दाचा होतो. ‘प्रतिभा’मध्ये ‘भा’ म्हणजे प्रकाशणे. समोर अचानक काहीतरी उजळावे, तशी ही शक्ती. संस्कृत काव्यशास्त्रात तिची सर्वांत गाजलेली व्याख्या काश्मिरी आचार्य अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांची आहे : ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’, जिला सतत नवे नवे धुमारे फुटतात ती प्रज्ञा म्हणजे प्रतिभा. नवनिर्मिती हा तिचा गाभा आहे. म्हणून कवीची प्रतिभा, नाटककाराची प्रतिभा, फार तर नवा सिद्धान्त मांडणाऱ्या शास्त्रज्ञाची प्रतिभा, असे म्हणणे शोभते. हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या, माणसे सांभाळून घेणाऱ्या किंवा लांब उडी मारणाऱ्या व्यक्तीच्या टॅलेंटला प्रतिभा म्हटले, की शब्द आणि माणूस दोघांनाही अवघडल्यासारखे होते. वाद्य वाजवणाऱ्याच्या बाबतीत ती कधी शोभते, कधी नाही. नवे काही रचणाऱ्या वादकाला ती द्यावी, एरवी हात आखडता घ्यावा. इंग्रजीत प्रतिभेच्या जवळ जाणारा शब्द ‘जीनियस’ आहे. तो लॅटिनमध्ये माणसाबरोबर जन्मणारी आणि त्याची राखण करणारी देवता होता, आणि त्याचा धातू आपल्या ‘जन्’ धातूचाच सगोत्र आहे.

आपल्या काव्यशास्त्राने उपजत आणि कमावलेले यांचा जो विचार केला, तो अनुवादकाला आजही उपयोगी पडतो. संस्कृत काव्यशास्त्रकार दण्डी काव्यसंपदेची तीन कारणे सांगतो : नैसर्गिक प्रतिभा, विपुल आणि निर्दोष अध्ययन, आणि ‘अमन्द अभियोग’, म्हणजे न थकता केलेला सराव. त्याच्यानंतरचा काव्यशास्त्रकार मम्मट शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन नावे घेतो आणि ती तीन वेगवेगळी कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण आहे, असे बजावतो. ‘टॅलेंट’, ‘स्किल’ आणि ‘प्रॅक्टिस’ ही इंग्रजी त्रयी जेथे एकत्र येते, तेथे शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे शब्द नेमके बसतात, निदान गंभीर लेखनात तरी. दण्डीचा ‘अभियोग’ मात्र आता वापरता येत नाही. आजच्या मराठीत त्याचा अर्थ न्यायालयातील आरोप असा झाला आहे.

‘ॲप्टिट्यूड’साठी शासकीय मराठीत ‘अभियोग्यता’ हा शब्द ठरलेला आहे आणि तो मला चांगला वाटतो, जरी उच्चाराला जड असला तरी. लॅटिन ‘आप्तुस’ म्हणजे जोडलेला, चपखल बसलेला; आपला ‘योग्य’ शब्दही ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासूनच आला. दोन्ही भाषांनी तेच चित्र पाहिले आहे : माणूस आणि काम एकमेकांत बसतात. मात्र ॲप्टिट्यूडचे तोंड भविष्याकडे असते. टॅलेंट आज दिसते. ॲप्टिट्यूड म्हणजे शिकवले तर चटकन जमेल, असा अंदाज.

हा फरक न केल्यामुळे काय होते, याचा एक प्रसंग सांगतो. एका मुलीच्या क्षमतांविषयीचा इंग्रजी अहवाल तिच्या पालकांसाठी मराठीत करून माझ्याकडे तपासायला आला होता. मूळ वाक्य असे : ‘शी हॅज अ क्लिअर ॲप्टिट्यूड फॉर मेकॅनिकल वर्क, दो नो मार्क्ड टॅलेंट ॲज येट.’ मराठीत लिहिले होते : ‘तिच्यात यांत्रिक कामाची स्पष्ट प्रतिभा आहे, परंतु अद्याप विशेष प्रतिभा नाही.’ एकाच ओळीत ‘आहे’ आणि ‘नाही’. वाचणाऱ्या आईवडिलांनी काय समजायचे? मी ते वाक्य असे केले : ‘यंत्रांचे काम शिकवले तर ते तिला लवकर आणि चांगले जमेल, हे स्पष्ट दिसते, त्यात डोळ्यांत भरण्यासारखे असामान्य असे मात्र अजून काही दिसलेले नाही.’ शब्द दुप्पट झाले, नामे जवळजवळ नाहीशी झाली आणि त्यांची जागा ‘जमणे’, ‘दिसणे’ या क्रियापदांनी घेतली. ‘जमणे’ हे क्रियापद ॲप्टिट्यूडसाठी इतके नेमके आहे, की परीक्षेचे नाव किंवा पारिभाषिक संदर्भ सोडला, तर मी ‘अभियोग्यता’ऐवजी बहुतेक वेळा तेच वापरतो. मुलांविषयीच्या लेखनात तर ही काळजी घ्यायलाच हवी, कारण अशी वाक्ये घरात वर्षानुवर्षे उच्चारली जातात आणि मूल ती ऐकत मोठे होते.

ॲप्टिट्यूड हा शब्द किती नाजूक आहे, हे अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या प्रसिद्ध सॅट परीक्षेच्या नावावरून कळते. १९२६ साली ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव ‘स्कॉलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’ होते. अशी परीक्षा उपजत क्षमता मोजते की मिळालेले शिक्षण, यावर पुढे बराच वाद झाला. १९९०च्या दशकात ‘ॲप्टिट्यूड’ काढून ‘असेसमेंट’ हा शब्द घातला गेला आणि काही वर्षांनी तोही सोडून ती तीन अक्षरे कशाचेही लघुरूप नाहीत, असे ठरले. अनुवादकाने यातून एवढेच घ्यावे की ‘ॲप्टिट्यूड’ म्हटले की ‘उपजत’ हा दावा त्यात दडलेला असतो आणि तो मराठीत उघड करायचा की नाही, हे संदर्भ पाहून ठरवावे लागते. जाता जाता, ‘ॲटिट्यूड’ हा शब्दही त्याच लॅटिन शब्दाचा इटालियनमार्गे आलेला जुळा भाऊ आहे. चित्रातील किंवा पुतळ्यातील आकृतीची ठेवण, असा त्याचा इंग्रजीतील पहिला अर्थ होता.

‘कल’ हा शब्द ॲप्टिट्यूडसाठी सर्रास वापरतात आणि ‘कल चाचणी’ असा जोडशब्दही रूढ आहे. मी येथे सावध राहायला सांगेन. कलणे म्हणजे झुकणे. कल म्हणजे मनाचा झुकाव, ओढा. इंग्रजीतील ‘बेंट’ या शब्दात अगदी हेच चित्र आहे आणि त्याच्यासाठी ‘कल’ हा शब्द तंतोतंत बसतो. पण ओढा असणे आणि जमणे या दोन गोष्टी आहेत. चित्रकलेची मनापासून ओढ असूनही हाताला रेषा साधत नाही, अशी माणसे असतात. गणित लीलया सुटते पण त्यात मन रमत नाही, अशीही असतात. मूळ लेखकाला यातले काय सांगायचे आहे, हे पाहूनच ‘कल’ लिहावे. मध्ययुगीन ‘टॅलेंट’ ओढ्याकडून गुणाकडे सरकला तसा आपला ‘कल’ही सरकतो आहे, हे मला दिसते, तरी आजच्या वाचकाला तो प्रथम ओढाच सांगतो.

‘गिफ्ट’मध्ये देणारा गृहीत आहे. म्हणून ‘देणगी’, ‘ईश्वरी देणे’, ‘दैवी देणगी’ हे प्रतिशब्द सहज येतात आणि बहुधा बरोबरही असतात. अडचण येते ती लेखक देवाला मानत नसेल किंवा मजकूर शास्त्रीय असेल तेव्हा. तेथे ‘निसर्गदत्त’ किंवा ‘उपजत’ म्हणावे. शिक्षणशास्त्रातील ‘गिफ्टेड चिल्ड्रन’साठी ‘प्रज्ञावंत मुले’ हा शब्द रुळला आहे. याच क्षेत्रात फ्रांस्वा गान्ये या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली या दोन शब्दांची केलेली फोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच्या मांडणीत ‘गिफ्ट’ म्हणजे न शिकवता असलेली नैसर्गिक क्षमता आणि ‘टॅलेंट’ म्हणजे ती पद्धतशीरपणे जोपासून तयार झालेले प्रावीण्य. दोन्हींत समवयस्कांपैकी वरचे दहा टक्के धरायचे. म्हणजे रोजच्या इंग्रजीत जे ‘टॅलेंट’ उपजत मानले जाते, ते या विद्याशाखेत कमावलेले ठरते! अशा ग्रंथाचा अनुवाद करताना ‘टॅलेंट’ला ‘उपजत गुण’ म्हटले, तर लेखकाचा सिद्धान्तच उलटा होईल.

‘फ्लेअर’ मूळचा वास घेण्याचा शब्द आहे; शिकारी कुत्र्याला वास लागावा तशी सूक्ष्म जाण. पुढे त्यात ऐटीची छटा आली. काम नुसते येत नाही, ते झोकात येते. ‘शी राइट्स विथ फ्लेअर’ म्हणजे तिच्या लिहिण्यात एक डौल आहे. ‘नॅक’ हा त्यामानाने घरगुती शब्द. लहानशी, सांगून शिकवता न येणारी युक्ती. मराठीत ‘हातोटी’, ‘खुबी’, ‘हात बसणे’. इंग्रजीत तो दोषासाठीही येतो : नको ते नेमके नको त्या वेळी बोलण्याची ‘नॅक’. तेथे ‘हातोटी’ऐवजी ‘खोड’ हा शब्द अधिक बरा. ‘ही इज अ नॅचरल’ या वाक्प्रयोगात ‘नॅचरल’ हे नाम आहे. ‘जणू यासाठीच जन्मला आहे’ असे म्हणावे. जुन्या इंग्रजीत मात्र ‘अ नॅचरल’ म्हणजे जन्मतःच बुद्धीने अधू असलेला माणूस, त्यामुळे काही शतकांपूर्वीचे साहित्य अनुवादताना येथे ठेच लागू शकते.

व्यवस्थापनाच्या भाषेत ‘टॅलेंट’ म्हणजे माणसेच. ‘टॅलेंट पूल’, ‘टॅलेंट अक्विझिशन’ यांत गुणाचा उल्लेख नावापुरता उरतो. ‘गुणी माणसे’, ‘कुशल मनुष्यबळ’, ‘भरती’ असे साधे लिहावे. ‘टॅलेंट सर्च’ला ‘प्रज्ञाशोध’ हा शब्द परीक्षांच्या नावांमुळे स्थिरावला आहे, त्याला हात लावू नये.

आता ज्या शब्दाने मैत्रिणीसमोरचे ते इंग्रजी वाक्य पूर्ण होते, तो ‘स्किल’. हा जुन्या नॉर्स भाषेतून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ भेद ओळखणे, विवेक असा होता. आज त्याचा अर्थ शिकून, घोटून अंगी आणलेले. ‘कौशल्य’ हा प्रतिशब्द बरोबर आहे, परंतु अलीकडे तो प्रशिक्षणवर्गांच्या कागदपत्रांत इतका फिरला आहे की ललित लेखनात कोरडा वाटतो. मला येथे ‘कसब’ आठवते. मूळ अरबी शब्दाचा अर्थच मिळवणे, कमावणे असा आहे. ‘टॅलेंट’ आणि ‘स्किल’ समोरासमोर येतात तेव्हा हा कमाईचा अर्थ फार उपयोगी पडतो.

आणि ‘टॅलेंट’साठी? येथे मराठीची स्वतःची वाट घ्यायला हवी. आपण ‘तिच्यात गायनाची प्रतिभा आहे’ असे बोलत नाही. ‘तिला गळा आहे’ असे बोलतो. चित्रकाराचा ‘हात’ असतो किंवा ‘नजर’ असते, संगीत जाणणाऱ्याचा ‘कान’ तयार असतो, गणितात ‘डोके’ चालते, वक्त्याच्या ‘जिभेवर’ सरस्वती असते, नर्तकीच्या ‘अंगात’ लय असते, आणि ज्याला नेमका अवयव सापडत नाही, तो ‘अंगचा गुण’ होतो. ही सारी रूपे क्षेत्र आणि गुण एका दमात सांगतात, जे इंग्रजीला ‘टॅलेंट फॉर’ असे दोन शब्द लावून सांगावे लागते. माझ्या हाताखालच्या अनुवादकांना मी सुचवतो, की ‘टॅलेंट’ आला की आधी विचारा, हा गुण कोठे वसतो? उत्तर सापडले की निम्मे वाक्य तयार होते.

व्हायोलिनवादकाचा गुण हातात असतो आणि कानातही. तिचे टॅलेंट ‘सर्वांना स्पष्ट होते’ या ओळीत अडखळायला होते ते ‘प्रतिभा’मुळे आणि ‘स्पष्ट असणे’ या इंग्रजी घडणीमुळेही. गुण मराठीत दिसतो, कळतो, लपत नाही. शिवाय मूळ वाक्यात दोन नामांचा सामना आहे, एक मिळालेले आणि एक मिळवलेले, आणि तो मराठीत ऐकू यायला हवा. मी असे लिहीन : ‘तिच्या हातातला उपजत गोडवा कोणापासून लपत नव्हता, तिचा भरवसा मात्र कमावलेल्या कसबावरच होता.’ ‘उपजत’ आणि ‘कमावलेल्या’ ही दोन विशेषणे मूळ वाक्यात नाहीत, पण ती ‘टॅलेंट’ आणि ‘स्किल’ या शब्दांच्या पोटात आहेत, म्हणून मी ती बाहेर काढली. पुढच्या परिच्छेदात तिच्या सरावाचे वर्णन येत असेल, तर ‘कमावलेल्या’ वगळून नुसते ‘कसबावर’ पुरेल. ती स्वतः रचना करणारी वादक असेल आणि लेखकाचा रोख त्या रचनांवर असेल, तर तिची ‘प्रतिभा’ तिला परत द्यावी आणि ‘हातातला उपजत गोडवा’ काढून टाकावा. आणि हेच वाक्य गायिकेबद्दल असते, तर मी हाताऐवजी गळा लिहिला असता आणि कसबाऐवजी ‘तालीम’.